आजारी ओळ

थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याचा संभारो मला जास्त हिरवा दिसायला लागतो. तसा तो बारा महिने फाफड्याबरोबर मिळतोच. कच्ची पपई किसायची, मोहरी-हिंगाच्या फोडणीत हळद आणि हिरवी मिरची टाकून दोन हात परतायची, की झालं. पण डिसेंबरातल्या सकाळी त्या कढईतून उठणारी वाफ, शेजारच्या गाडीवर भाजल्या जाणाऱ्या पोंकाचा, म्हणजे कोवळ्या ज्वारीचा धूर आणि किसलेल्या पपईच्या चिकाचा तो किंचित कडवट वास एकत्र आले, की मला सुरतेबाहेर चलथाणच्या पुढचं आमचं ते जाळीचं नेट हाउस आठवतं, आणि माझं डोकं फिरतं.

डोकं फिरायला फरसाणवाल्याच्या बाकावर कारणंही तयार बसलेली असतात. सकाळी फिरायला म्हणून निघालेली आणि शंभर पावलांत फाफड्यापाशी येऊन थांबलेली मंडळी. परवा त्यांच्यातले एक काका पेपर फडकवत मला म्हणाले, "कुंदाबेन, तमे तो ए लाइनमां हता ने? आ बधुं जीनवाळुं खावानुं नहीं. शरीर बगडी जाय." हे बोलताना त्यांच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं. कढईतलं तेल किती वेळा तळून झालंय याची चौकशी या माणसाने जन्मात केली नसेल. मी त्यांना विचारलं, "काका, जीन नसलेली पपई कुठे मिळते? मलाही एक आणून द्या." ते हसले. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूने बोलतेय. या मंडळींचं एक बरं असतं, त्यांना टोमणा लागत नाही, त्यामुळे त्यांच्याशी भांडणही होत नाही.

आणि दुसऱ्या टोकाला ते, ज्यांना यात चमत्कारच दिसतो. वर्तमानपत्रात येतं, शास्त्रज्ञांनी जनुकीय कात्री चालवली आणि रोग पळाला. बाजूला एका कात्रीचं चित्र, तिच्या पात्यांत अडकलेला गोल गोल जिना. चित्र काढणाऱ्याने आयुष्यात कधी झाड लावलेलं नसतं आणि बातमी लिहिणाऱ्याने कधी ते मरताना पाहिलेलं नसतं. दोघे मिळून वाचकाला उल्लू बनवतात आणि वाचक ती कात्री चार ग्रुपांवर पुढे ढकलून मोकळा होतो.

मी त्या केंद्रात कार्यालय सांभाळायला होते. झाडांवर संशोधन करणारी एक खाजगी संस्था, नाव सांगण्यासारखं तिने काही केलेलं नाही. सकाळी सुरतेहून कंपनीची गाडी आम्हाला घेऊन निघायची. हिवाळ्यात साखर कारखाना सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि हवेत मळीचा गोड, आंबूस, डोक्यात जाणारा वास. तो वास केसांत घेऊनच मी टेबलाशी बसायची. दुपारी ऊन उतरलं की पाय मोकळे करायला नेट हाउसकडे जायची, आणि तिथे वैशाली असायची.

वैशाली सुरतेतल्या नवागामची. वडील लूम्सवर कामाला, आई घरी साड्यांचे धागे कापणारी. मूळ गाव शहाद्याकडचं. ती शिकली कशी आणि किती, याच्या कौतुकाच्या गोष्टी आमचे संचालक पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. तिला कौतुक नको होतं. तिला पपईवरच्या एका विषाणूचा बंदोबस्त करायचा होता.

तो विषाणू मी तिच्यामुळेच ओळखायला शिकले. आधी पानावर पिवळे-हिरवे डाग उमटतात, मग पान आक्रसतं, अगदी बुटाच्या नाडीसारखं बारीक होतं. देठावर तेल सांडल्यासारखे ओघळ दिसतात, आणि फळ धरलंच तर त्याच्यावर गोल गोल वळी उठतात. थंडीत तर तो फारच माजतो. मावा नावाची कीड त्याला घरोघर पोचवते, आणि तीही पपईवर संसार थाटत नाही. येते, सोंड खुपसून चव घेते, पुढच्या झाडाकडे जाते. लग्नात प्रत्येक काउंटरवर जाऊन नुसतं चाखत फिरणारे आमच्याकडचे काही नातेवाईक मला तिच्यात स्पष्ट दिसतात.

वैशालीचं काम काय, हे मी तिला एकदा विचारलं. म्हटलं, कात्रीचं चित्र काढलंस तर मी उठून जाईन. ती हसली. म्हणाली, "ताई, माझी आई साडीचे धागे कापते ना, तसं समजा. साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत असतात. त्यातला एखादा कशात तरी अडकतो आणि सगळी साडी ओढली जाते. हा विषाणू झाडात शिरतो, पण स्वतःच्या नकला काढायला त्याला झाडाचंच एक प्रथिन लागतं. ते त्याला धरायला मिळालेलं लोंबतं टोक आहे. मी झाडाच्या जनुकात तेवढीच जागा बदलते. बाहेरचं काही आणून घालत नाही. सुलट बाजूची नक्षी आहे तशी राहते."

"राहते?" मी विचारलं.

"राहायला पाहिजे. तेच तर बघायचंय. चुकीचा धागा कापला गेला तर साडी फाटते, ताई. आई शिव्या खाते तेव्हा."

इतकं स्वच्छ मला त्या केंद्रातल्या कुठल्याही भाषणात ऐकायला मिळालं नाही. भाषणं संचालक करायचे. पुण्याकडचे, उंच, गोरे, बंद गळ्याचा कोट घालणारे गृहस्थ. त्यांना झाडातलं कळत नव्हतं असं नाही, एके काळी कळत असावं. पण खुर्ची मोठी होत गेली तसं ते सगळं वरच्या खिशातल्या रुमालासारखं नुसतं दिसण्यापुरतं उरलं होतं. आवारातल्या दगडांना चुना आणि गेरू लावून घेणं, हे त्यांचं आवडतं संशोधन. कुंडीतलं एक पान पिवळं दिसलं की माळ्याला हाक मारायचे. पिवळ्या पानाचा इतका तिटकारा असलेला माणूस वनस्पतिशास्त्राकडे वळलाच कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर नेट हाउस. आत कुंड्यांच्या ओळी. एक ओळ वैशालीने जनुक बदललेल्या रोपांची, तिच्या शेजारी एक ओळ साध्या, काहीही न केलेल्या रोपांची, पुन्हा एक तिची, पुन्हा एक साधी. सगळ्या रोपांना तिने एकाच दिवशी रोग लावला होता. आजारी पानं वाटून त्यांचा रस काढायचा आणि एका बारीक भुकटीबरोबर तो प्रत्येक रोपाच्या पानावर बोटाने हलकेच घासायचा. मी पाहिलंय ते. लहान मुलाच्या छातीला बाम चोळावा तशी ती त्यांना रोग चोळत होती.

मग थंडी वाढली आणि साध्या ओळी आजारी पडायला लागल्या. पानं चितारली, आक्रसली, लोंबली. वैशाली खुशीत. रोज त्यांना पाणी घालायची, खत द्यायची, आजार कुठवर आला ते वाकून बघायची. तिथे कामाला येणारी सिंधूबाई, तीही नवागामचीच, हे पाहून चक्रावून जायची. एक दिवस तिने झारी खाली ठेवून विचारलंच, "वैशू, ह्या झाडं मरी राह्यनात. तू काबर त्यास्ले इतलं जपी राह्यनी?"

"माय, ह्या आजारी पडनात तवयच मन्ह्या त्या झाडं बऱ्या शेत असं म्हनता यी."

सिंधूबाईने जरा विचार केला आणि झारी उचलली. मला त्यांची अहिराणी पुन्हा मराठीत सांगायची गरज नव्हती, माझं आजोळ धुळ्याचं. तरी वैशाली माझ्याकडे वळून म्हणाली, "ही ओळ आजारी नसेल तर माझी ओळ निरोगी आहे याला काही अर्थच नाही. मग एवढंच म्हणता येतं की इथे रोग आला नव्हता." त्या हिवाळ्यानंतर काम पुढे चालवायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला दिल्लीहून तिघांची समिती येणार होती. थंडी सरली की आजार इतका ठसठशीत दिसत नाही, आणि दुसऱ्या हिवाळ्याची मुदत तिला नव्हती. इतकी वर्षं काचेच्या बाटल्यांत वाढवलेली ती रोपं, जी जगली ती आणि जी चुकीचा धागा कापला गेल्याने खुरटली तीही, सगळ्यांचं भवितव्य त्या शेजारच्या मरतुकड्या ओळीवर टेकलेलं होतं.

इथे मला माझ्या घरातलं एक सांगितलं पाहिजे. आम्ही तिघी बहिणी. थोरलीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. मधली शैला. तिच्या हातांवर आणि ओठांच्या कडेला कोडाचे पांढरे डाग. ना दुखणं, ना खुपणं, ना कुणाला लागण. पण पाहुणे यायचे म्हणून घर झाडलं गेलं, फाटकी गादी माळ्यावर गेली, तुटकी खुर्ची गच्चीत गेली आणि शैला शेजारच्या काकूंच्या मागच्या ओट्यावर गेली. सोबत मला धाडलं. बसा खेळत, बोलवू तेव्हा या. आम्ही खेळलो. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या तेलकट पुडीचा वास, त्या ओट्यावरची शेवाळी फरशी आणि आमच्या घरातून येणारे हसण्याचे आवाज, सगळं अजून जसंच्या तसं आहे. पाहुणे गेले. दिवे लागले. बोलवायला कुणीच आलं नाही. वाईटपणाने नाही हो, आनंदात विसरले. शेवटी शैलाच उठली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, चल. माझा या झाकपाकीवरचा राग तिथला आहे. तो मोठा झाला, शहाणा मात्र झाला नाही, आणि मला तो शहाणा करायचाही नाही.

समिती यायच्या दिवशी संचालकांनी वैशालीला पहाटेच पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर पाठवलं. मान दिल्यासारखं दाखवून पाठवलं. मी पोचले तेव्हा फाटकाशी रांगोळी, दगडांना ताजा गेरू, मांडवात उंधियूची डेगची आणि संचालक स्वतः नेट हाउसच्या दारात, रुमाल नाकाला लावून.

"हे काय आहे?" ते विचारत होते. "पाहुणे येणार आणि हे असं मेलेलं सगळं मधोमध? काढा हे आधी. खड्ड्यात टाका."

सिंधूबाई म्हणाली, "साहेब, त्या झाडं वैशूताईन्या शेत."

"मला माहीत आहे कोणाची आहेत."

मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, ती ओळ मुद्दाम आजारी आहे. तीच तर दाखवायची आहे."

त्यांनी माझ्याकडे, घरातल्या पुरुषांच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्या बाईकडे बघतात तसं पाहिलं. "कुंदाबेन, तुम्ही उंधियूचं बघा. जिलेबी आली का?"

मी वैशालीला फोन लावला. ती पाहुण्यांबरोबर गाडीत, तिने दोनदा कट केला. तोवर हायवेवरच्या नर्सरीतून टेम्पो आला होता, साध्या पपईची टवटवीत रोपं भरून. आजारी कुंड्या उचलून तिथे ही ठेवली. खड्ड्यापर्यंत न्यायला वेळ उरला नाही, फाटकावर हॉर्न वाजला, म्हणून त्या सगळ्या नेट हाउसच्याच टोकाला पाण्याच्या टाकीमागे कोंबल्या आणि पुढे मांडवाचं हिरवं कापड ताणून बांधलं. या शहरात झाकायला कापड कधी कमी पडत नाही.

समितीत दोन पुरुष आणि एक वयस्कर बाई. पुरुषांचं लक्ष मांडवाकडे. बाई सुती साडीतल्या, पायात साधे बूट, चष्मा गळ्यात. तो डोळ्यांवर चढवून त्या सरळ ओळींमधून चालायला लागल्या. वैशाली त्यांच्या मागे आत आली आणि जागीच थांबली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिचा चेहरा मी पाहत होते. नेट हाउसभर नुसतं हिरवंगार.

बाईंनी हिंदीत विचारलं, "यातली एडिट न केलेली ओळ कोणती?"

वैशालीने तोंड उघडायच्या आत संचालक पुढे झाले. नर्सरीच्या रोपांकडे हात करून, पोराचे मार्क सांगावेत तशा अभिमानाने म्हणाले, "ही मॅडम. आणि बघा, आमच्याकडे तीसुद्धा अगदी निरोगी आहे!"

हे वाक्य मी कितीतरी हिवाळे सोबत वागवतेय. साधं रोपही निरोगी आणि बदललेलंही निरोगी, तर मग बदललंत कशाला? एवढं एका शाळकरी मुलाला कळेल. या माणसाने ते हसत, छाती पुढे काढून सांगितलं. आपल्याच संस्थेचं इतक्या वर्षांचं काम त्याने एका दमात पुसून टाकलं आणि वर त्याला शाबासकीची अपेक्षा होती. बाईंनी चष्मा उतरवला. म्हणाल्या, "मग इथे बघण्यासारखं काहीच नाही." संचालकांना ते नीट ऐकू आलं नसावं. ते म्हणाले, "चला तर मग, जेवायला बसू."

वैशालीची नजर टोकाला ताणलेल्या कापडावर गेली. ती ओळींमधून चालत टोकाला गेली, आणि तिने ते हिरवं कापड ओढलं. सुतळी तुटली, कापड तिच्याच डोक्यावर पडलं. ते तिने बाजूला फेकलं. मागे टाकीच्या ओलीत एकावर एक कलंडलेल्या कुंड्या, चितारलेली, नाडीसारखी झालेली पानं, देठांवरचे तेलकट ओघळ. प्रत्येक कुंडीला तिची चिठ्ठी तशीच बांधलेली. तिने एक उचलली, छातीशी धरून आणली, नर्सरीचं रोप पायाने सरकवलं आणि आजारी कुंडी तिच्या जागेवर ठेवली. मग दुसरी आणायला गेली.

सिंधूबाईने पदर खोचला. मग मीही गेले, नवी साडी होती, तिच्यावर चिखल झाला, होऊ दे. तिसऱ्या फेरीला पाहते तर टाकीपाशी त्या वयस्कर बाई उकिडव्या बसलेल्या, एक मरतुकडं पान बोटांत धरून उजेडाकडे करून बघतायत. "कितनी अच्छी बीमार हुई हैं," त्या म्हणाल्या. असं कौतुक त्या आवारात कोणी कधी केलं नसेल. त्यांनी स्वतः एक कुंडी उचलली आणि वैशालीला विचारलं, हिची जागा कोणती? संचालक दाराशी उभे राहून पुन्हा पुन्हा सांगत होते, "मॅडम, उंधियुं थंडुं थई जशे." मराठी माणूस गडबडला की इथे गुजराती बोलायला लागतो.

ओळी लागल्या. एक हिरवी, एक मेलेली, एक हिरवी, एक मेलेली. आता काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. हिरव्यांतलीही काही रोपं खुरटी होती, दोन-चारांच्या पानांवर डाग होते, तेही वैशालीने आपणहून दाखवलं. बाई तासभर खाली बसूनच प्रश्न विचारत राहिल्या. काम चालू राहिलं. आज ती झाडं उघड्या रानात, माव्याच्या तोंडी लावून पारखली जातायत. अजून बाजारात काही आलेलं नाही, आणि बाकावरच्या काकांनी घाबरून जाण्यासारखं तर नाहीच नाही. वैशाली आता दुसरीकडे आहे. संचालक निवृत्त झाले, पण भाषणं देतात. त्यांच्या भाषणात तिच्या नेट हाउसचा एक फोटो असतो. मी पाहिलाय. कडेची आजारी ओळ कापून टाकलेली आहे.

त्या दिवशी मी घरी आले ती चिखलाच्या साडीत. शैला माझ्याकडेच राहते. एका मराठी शाळेत शिकवायची, लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही, म्हणजे तिला कुणी पडू दिलं नाही. स्वयंपाकघरात ती कच्ची पपई किसत बसली होती. मी सगळं सांगितलं, संचालकांची नक्कल करून सांगितलं. ती हसली नाही. किसणी थांबवून तिने विचारलं, "त्या कुंड्या परत आणल्या, त्या पाहुणे गेल्यावर?"

"नाही गं. पाहुणे असताना."

"त्यांच्या देखत?"

"त्यांच्या देखत. त्यांनीच उचलल्या की काही."

तिने बोटांवरचा चीक पुसला. डाग आता हातभर पसरलेत, कोपरांच्याही वर. मग पुन्हा किसणी हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पोरीला एकदा आपल्याकडे जेवायला आण. मी वाढीन."